कात्रीनबायचं चिंचोक्यातलं गाव

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा खाडीवर पूल नव्हता आणि माणसांना घाई नव्हती. वसईच्या वरच्या अंगाला, खाडी वळसा घेते तिथे, नांदखार नावाचं गाव होतं. केळीच्या बागा, पानवेली, रहाटाच्या विहिरी आणि मधोमध पांढरं देऊळ. देऊळ म्हणजे चर्चच. पण जुनी ख्रिस्ती माणसं देऊळ म्हणायची, मग आपणही देऊळच म्हणू.

त्या गावात कात्रीनबाय राहायची. नाव कात्रीन आणि जीभ नावाला शोभेल अशी. तिचं भांडण झालं नाही असं माणूस गावात शोधून सापडलं नसतं. मेलेलीसुद्धा सुटली नव्हती. कब्रस्तानात जाऊन त्यांच्या क्रुसापाशी उभी राहायची आणि जिवंतपणी सांगायचं राहिलेलं सांगून यायची. तिचा नवरा बस्त्याव फार शांत माणूस होता, असं म्हणतात. शांत कसला, त्याला बोलायची पाळीच कधी आली नाही.

पण एक सांगते. कात्रीनबाय खोटं कधी बोलली नाही आणि कुणाचं कधी लुबाडलं नाही. भांडायची ती तोंडावर. पाठीमागे एक शब्द नाही. आजकाल उलटं असतं.

एका वर्षी उपवासकाळात ती कुमसाराला गेली. कुमसार म्हणजे फादरपाशी आपल्या पापांची कबुली द्यायची. तेव्हा गावात फादर बेंतो होते, म्हातारे, तपकीर ओढणारे, लाकडी जाळीमागे बसणारे. कात्रीनबायने गुडघे टेकले ते न्याहारीच्या वेळी. मागे रांग लागली. ऊन खिडकीतून आत आलं, फरशी ओलांडून पलीकडे गेलं, तरी ही उठेना. पावलूच्या बकरीने भोपळ्याचा वेल खाल्ला, मग मी पावलूला काय म्हटलं, त्यावर तो काय म्हणाला, मग मी काय म्हटलं. एकेक घर, एकेक माणूस.

शेवटी फादर जाळीमागून म्हणाले, "थांब बाय, थांब. तू तुझी पापं सांगतेस की गावाची?"

"त्यांची सांगितल्याबिगर माझी कळणार कशी तुम्हाला?"

फादरांनी तपकीर ओढली, दोनदा शिंकले आणि प्रायश्चित्त सांगितलं. "ज्याच्या ज्याच्याशी भांडलीस, त्या प्रत्येकासाठी शंभरदा नमो मारियाची प्रार्थना म्हण. म्हणताना त्या माणसाचा चेहरा डोळ्यांसमोर ठेव. मध्येच राग आला, तर झालेलं धरायचं नाही. पुन्हा पहिल्यापासून."

कात्रीनबाय घरी आली आणि ओट्यावर बसली. पंचाईत अशी की तिला शंभरापर्यंत मोजता येत नव्हतं. विसापर्यंत यायचं, पुढे गडबड व्हायची. तिच्या अंगणाच्या कडेला चिंचेचं मोठं झाड होतं आणि खाली चिंचोक्यांचा सडा पडलेला असायचा. पोरं खेळताना चिंचोक्यांवर डाव मोजायची. तिने एक चिंचोका उचलला. गोधडी शिवायची सुई हातात होतीच. एक नमो मारिया म्हणायची की चिंचोक्यावर सुईचा एक ओरखडा. असे पाच विसा ओरखडे झाले की एक माणूस फिटला, असा तिचा हिशोब.

पहिला घेतला पावलू, तोच बकरीवाला. "नमो मारिया, कृपापूर्ण..." आणि एक ओरखडा. पावलूचा चेहरा डोळ्यांसमोर ठेवायचा होता, म्हणून ठेवला. पण पावलूचा चेहरा डोळ्यांसमोर आला की आधी नाकच यायचं, एवढं मोठं नाक. तिसऱ्या ओरखड्याला तिला बकरी आठवली, हात दाबला गेला, आणि टच्! चिंचोका फुटला. फादर म्हणाले होते तसंच, पुन्हा पहिल्यापासून.

दुसरा फुटला, तिसरा फुटला. चौथ्याला तिने दात आवळले नाहीत. बकरीला काय कळतं वेल कुणाचा, असं म्हणाली आणि हलका हात ठेवला. चिंचोक्याचं तपकिरी साल खरवडलं की आतून साईच्या रंगाचा गर दिसतो. पाच विसा भरले आणि तिने चिंचोका उजेडाकडे धरला, तर आतून पावलू तिच्याकडे बघत होता. तपकिरी केस, साईचा चेहरा आणि मधोमध ते नाक.

कात्रीनबाय एवढी हसली की बस्त्याव शेतातून धावत आला. ही हसल्याचं त्याने लग्नानंतर ऐकलं नव्हतं, असं म्हणतात.

ती तशीच उठून पावलूकडे गेली आणि चिंचोका त्याच्या तळहातावर ठेवला.

"हे माझं नाक?" पावलू म्हणाला.

"नाही, पोपटाचं."

पावलूने चिंचोका वर धरला, खाली धरला, बायकोला दाखवला. बायको म्हणाली, "देवाशपथ, घोरताना असंच दिसतं." संध्याकाळी पावलूने बकरीला खुंट ठोकला आणि एक अख्खा भोपळा कात्रीनबायच्या ओट्यावर आणून ठेवला. दोघांतलं भांडण तिथे संपलं.

मग तिला गोडी लागली. मोडकी सुई बांबूच्या काडीत खोचून तिने कोरणी केली. पापलेटाचा काटा घासून डोळ्यांची भोकं पाडायला घेतला. नवऱ्याच्या वस्तऱ्याच्या तुटक्या पात्याने साल काढायची. सकाळचं चूलपाणी उरकलं की ओट्यावर उजेडात बसायची, आणि एक नमो मारिया, एक ओरखडा. प्रार्थना आधी, हात नंतर. कुणी घाई केली तर म्हणायची, "देवाने माणूस मातीचा केला, तरी त्याला सहावा दिवस उजाडला. मी तर चिंचोक्याचा करतेय."

पुढे शंभरावर भागेना. लुगड्याची निरी काढायची तर दोनशे, हातातली पाटी काढायची तर तीनशे. एकेका माणसाला पंधरा दिवस, महिना लागायचा. पण पूर्ण झालं की त्या माणसाचा राग तिच्या मनातून साफ धुऊन निघालेला असायचा. महिनाभर कुणाचा चेहरा एवढ्या जवळून बघितलात, तर तुमचाही निघेल. करून बघा.

त्या नाताळला फादर बेंतोंनी देवळातल्या येशूच्या गोठ्यात सोन्याचांदीचं काही ठेवलं नाही. गवताच्या चार काड्यांची गव्हाण केली आणि भोवती कात्रीनबायची नऊ माणसं उभी केली. बाळ येशू तिने तांदळाच्या एका दाण्यात कोरला होता. मिटलेली मूठ दिसायची, असं म्हणतात. बघायला फादरांनी आपलं वाचायचं भिंग दोरीने बांधून टांगलं. सगळं गाव रांग लावून एकेक डोळा मिटून बघत होतं.

"मी एवढी गोरी कधी झाले?" पावलूची बायको म्हणाली.

"चिंचोक्यात सगळेच गोरे," कात्रीनबाय म्हणाली. "बाहेर ये, मग बघू."

आता गाव म्हटलं की मानपान आलाच. दुसऱ्या वर्षी पंधरा माणसं झाली आणि इनास मुकादम तणतणत आला. बांधाच्या कामावरचा मुकादम, मिशीला पीळ, देवळात बसायचा पहिल्या बाकावर. त्याने भिंगातून बघितलं तर तो गव्हाणीपासून लांब, कोंबडीवाल्या म्हातारीच्याही मागे.

"कात्रीनबाय, हे काय? मला मागे का?"

"जागा मी देत नाही मुकादम, भांडण देतं. ज्याच्याशी माझं भांडण मोठं, त्याला माझ्या नमो मारिया जास्त लागल्या. ज्याला जास्त लागल्या तो येशूजवळ. तुमच्याशी माझं काय, एका पाटाच्या पाण्यावरून झालेलं. एवढीच तुमची जागा."

आता नांदखारची माणसं बघा. दुसरं गाव असतं तर म्हटलं असतं, बरं झालं, भांडण लहान होतं. पण इनास मुकादमाने दुसऱ्या दिवशी सकाळी मुद्दाम कात्रीनबायच्या दारात येऊन तिच्या कोंबड्यांना शिव्या दिल्या. जागा पुढे मिळावी म्हणून! त्याचं बघून आणखी चौघे आले. एकीने तिचं कालवण खारट म्हटलं, एकाने बस्त्यावला बावळट म्हटलं. कात्रीनबाय ओट्यावर बसून सगळ्यांचं ऐकून घेत होती. हसू दाबायला तिने पदर तोंडात धरला होता. शेवटी म्हणाली, "झालं? मला राग आलेला नाही. जा घरी."

मुकादमाला मात्र पुढे जायला मिळालं, पण माझ्या-तुमच्या हाताने नाही. एके सकाळी फादर बघतात तर एका मुंगीने मुकादमाला मिशीला धरून उचललं होतं आणि गव्हाणीवरून, बाळ येशूच्या डोक्यावरून ती त्याला भिंतीकडे ओढत नेत होती. फादरांनी घंटा वाजवायच्या पोराला पाठवून मुकादमाला बोलावून घेतलं आणि भिंग हातात दिलं. त्या दिवसापासून मुकादम आपण होऊन शेवटच्या बाकावर बसायला लागला, असं म्हणतात.

पण शेवटच्या बाकावर तोवर आधीच कुणीतरी बसत होतं. ती कात्रीनबायच. आणि इथून गोष्ट खरी सुरू होते.

कात्रीनबायने ठरवलं होतं, प्रायश्चित्त पुरं होत नाही तोवर मिस्सेला, म्हणजे देवळातल्या उपासनेला जायचं, पण ख्रिस्तशरीर, म्हणजे वेदीवरचा पवित्र भाकरीचा तुकडा, घ्यायला पुढे जायचं नाही. फादर बेंतोंनी किती समजावलं. "अगं बाय, मी तुला अडवलेलं नाही. पापक्षमा तुला केव्हाच दिलीय. ये पुढे."

"अर्धं काम करून मजुरी घ्यायची मला सवय नाही, फादर."

मिस्सेत सगळं गाव उठून वेदीकडे जायचं, आणि ही एकटी मागच्या बाकावर गुडघ्यांवर. त्याचं तिला काही वाटत नव्हतं असं समजू नका. त्या वेळी ती भिंतीकडे बघायची.

आणि गव्हाणीजवळ, बाळ येशूच्या अगदी उशाशी, एक जागा दरवर्षी रिकामी असायची. चिंचोक्याएवढी. तिथे कुणी बोट ठेवलं तर कात्रीनबाय लांबून ओरडायची, "ती जागा भरलेली आहे!" गावाला ठाऊक होतं कुणाची. तोंडावर बोलायची छाती कुणाची नव्हती.

ती जागा होती लुसिनची. लुसिन तिची धाकटी सख्खी बहीण, कुंपणापलीकडे राहणारी. बापाला मुलगा नव्हता. मरताना त्याने वाडीचे दोन भाग करून दोन मुलींना दिले. चिंचेचं झाड आलं बरोबर हद्दीवर. थोरली म्हणाली माझं, धाकटी म्हणाली माझं. बांबूचं कुंपण घातलं ते एका बाजूने येऊन झाडाच्या खोडाला टेकलं आणि दुसऱ्या बाजूने पुढे गेलं. ज्याच्या अंगणात पडेल ते त्याचं, असं ठरलं. इथवर ठीक होतं. असली भांडणं घरोघरी होतात आणि पहिल्या पावसात धूळ धुऊन जावी तशी जातात.

पण कुंपण घातलं त्या दिवशी, त्या कुमसाराच्या जरा आधी, कात्रीनबाय एक वाक्य बोलून गेली. लुसिनला मूलबाळ नव्हतं. कात्रीनबाय सगळ्यांदेखत म्हणाली, "झाड घेऊन तू करणार काय? खाणारं कोण आहे तुझ्या घरात?"

लुसिन काही बोलली नाही. आत गेली आणि दार लावून घेतलं. त्या दिवसापासून बहिणी बोलत नव्हत्या. सोळा वर्षं.

कुमसाराच्या जाळीपाशी कात्रीनबायने सगळ्या गावाची भांडणं सांगितली. लुसिनचंही सांगितलं, कुंपणाचं, झाडाचं, बापाच्या वाटणीचं. ते एक वाक्य तेवढं सांगितलं नाही. खोटं ती कधी बोलली नाही, म्हटलं ना मी. पण न बोलणं हेही एक असतंच.

दरवर्षी नाताळ जवळ आला की ती लुसिनचा चिंचोका घ्यायची. "नमो मारिया" आणि एक ओरखडा. दहा व्हायचे, बारा व्हायचे. कपाळ यायचं, वेणी यायची. मग ओठ काढायला घेतले की टच्! फुटायचा. नेहमी ओठांपाशी. बंद केलेल्या, न बोललेल्या ओठांपाशी. ती "घे, तुझं तुलाच!" म्हणायची आणि फुटलेले दोन तुकडे कुंपणाकडे भिरकावून द्यायची. वर्षाला सात, वर्षाला दहा. देवळातल्या घंटेपर्यंत तो आवाज ऐकू जायचा, असं म्हणतात. चिंचोका फुटलेला ऐकू जाईल एवढं काही देऊळ जवळ नाही. पण गावाला ऐकू जायचा हे खरं. माणसं कामातून मान वर करायची आणि म्हणायची, "फुटली लुसिन."

सोळा वर्षांत सगळं गाव झालं. एकशे त्रेचाळीस माणसं. मेलेली झाली, नवी जन्मलेली झाली. तान्ह्या पोरांशी तुझं भांडण कधी झालं, असं कुणी विचारलं तर म्हणायची, "आज नाही झालं. पुढे होईलच. आधीच करून ठेवते." राहिली एक लुसिन.

आणि तेव्हा कात्रीनबायचे डोळे गेले. गेले म्हणजे आंधळी नाही झाली. जवळचं दिसेना. खाडीपलीकडच्या डोंगरावरची बकरी दिसायची, पण हातातला चिंचोका नुसता तपकिरी धूर. सुई कुठे टेकते ते कळेना. बोटाला भोसकायला लागली.

फादर बेंतो आता फार म्हातारे झाले होते. ते म्हणाले, "तेरा डिसेंबरला संत लुसियाचा सण आहे. डोळ्यांची संत आहे ती. तिच्यापाशी माग."

"कुणापाशी?"

"संत लुसियापाशी."

"त्या नावाची मला मदत नको," कात्रीनबाय म्हणाली आणि उठून चालती झाली.

फाटकापर्यंत गेली आणि थांबली. संत लुसियाचा काय गुन्हा? त्या बिचारीने कधी चिंच मागितली होती? कात्रीनबायला स्वतःचीच लाज वाटली, आणि तिला लाज वाटली की ती अजून रागावायची. घरी जाऊन तिने चार भांडी आपटली. पण डोळे तर जात होते. यंदाचा नाताळ गेला की लुसिन कायमची राहणार, प्रायश्चित्त राहणार, आणि ती मरेपर्यंत मागच्या बाकावर. सणाला चार दिवस होते. चारही दिवस तिने चिंचोके घेतले, आंधळ्यासारखे चाचपत कोरले, आणि चारही दिवस टच्, टच्. चौथ्या दिवशी तिची चिंचोक्यांची टोपली रिकामी झाली. सोळा वर्षांत पहिल्यांदा. ऐन हिवाळ्यात झाडाखाली काही नसतं. चिंचा अजून हिरव्या, आकडे वर लटकलेले.

कात्रीनबायने टोपली उपडी करून झटकली, ते बस्त्याव बघत होता. मग त्याने आयुष्यातलं सगळ्यात लांब वाक्य उच्चारलं, असं म्हणतात. "तिच्याकडे असतील."

संत लुसियाच्या सणाच्या सकाळी, मिस्सा सुटल्यावर, कात्रीनबाय कुंपणाला वळसा घालून लुसिनच्या दारात गेली. सोळा वर्षांत ती वाट तिने तुडवली नव्हती. लुसिन सुपात तांदूळ पाखडत होती. तिने वर बघितलं नाही.

"वाट चुकलीस का?"

"एक चिंचोका पाहिजे."

"सगळ्या गावाला उभं करून आलीस, माझ्यापर्यंत येईस्तोवर संपले?"

"संपले."

"आणि मीच तो द्यायचा? माझं नाक वाकडं करायला?"

"तुझं नाक सरळ आहे. आईसारखं," कात्रीनबाय म्हणाली. मग तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "लुसू, नाकापाशी फुटत नाही गं. ओठांपाशी फुटतं. मी त्या दिवशी जे बोलले ना, खाणारं कोण आहे म्हणून. ते मी कुमसारातसुद्धा सांगितलं नाही. माझ्या जिभेला कीड पडायला हवी होती."

सूप थांबलं. लुसिन उठली, आत गेली. दार लावून घेतलं नाही. बाहेर आली तेव्हा तिच्या कमरेवर हारा होता, गच्च भरून चिंचोके.

"घे. नाहीतरी चैत्रात टाकणारच होते."

"कुठे टाकणार होतीस?"

"कुठे म्हणजे? तुझ्या अंगणात. दरसाल टाकते तशी. तू पहाटे रहाटावर गेलीस की कुंपणावरून टोपली उपडी करते."

कात्रीनबायला काही कळेना. "माझ्या अंगणात तर माझ्या फांदीचे पडतात."

"तुझी फांदी!" लुसिन अशी हसली की अंगणातले बगळे उडाले. "अगं, सोळा वर्षं एवढ्याएवढ्याशा चिंचोक्यात डोळे घालून बसलीस. एकदा मान वर करून बघितलंस? वर बघ! वर बघ जरा, फांदी कुणाची फळलीय ते!"

कात्रीनबायने मान वर केली. जवळचं दिसत नव्हतं, पण लांबचं तिला लख्ख दिसायचं. चिंचेचं झाड आभाळात उभं होतं. लुसिनच्या बाजूला आकडेच आकडे, फांद्या वाकलेल्या. तिच्या बाजूला नुसता पाला. एक आकडा नाही. ते वाक्य तोंडातून निघालं त्या वर्षापासून तिकडची बाजू फळलीच नव्हती, असं म्हणतात. पावलूचं नाक, मुकादमाची मिशी, तान्ही पोरं, सगळं गाव, एकशे त्रेचाळीस माणसं, सगळी लुसिनच्या चिंचोक्यांची होती.

"का टाकलेस?" कात्रीनबायने विचारलं.

"खाणारं कोण आहे माझ्या घरात?" लुसिन म्हणाली. तिने हारा बहिणीच्या पायापाशी टेकवला. "चिंच मी विकते. चिंचोके ठेवून काय करू? पहिल्यांदा रागाने, कचरा म्हणून टाकले. मग त्या नाताळला मी देवळात भिंगातून बघितलं. उशाजवळची रिकामी जागा बघितली. मला कळलं कुणाची ते. म्हटलं, उद्या चिंचोके संपले म्हणून माझी जागा रिकामी राहिली, असं व्हायला नको."

त्यावर कात्रीनबाय काय बोलली ते कुणालाच ठाऊक नाही. काही बोललीच नाही, असं म्हणतात. नांदखारात हा त्या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात मोठा चमत्कार मानतात.

नाताळला बारा दिवस होते. दोघी बहिणी लुसिनच्या ओट्यावर बसल्या. कात्रीनबायला दिसत नव्हतं, म्हणून ती बोटांनी बघायची. एक हात लुसिनच्या गालावर, एक हात चिंचोक्यावर. लहानपणी आई रहाटावर जायची तेव्हा हीच लुसिनचं तोंड धुवायची, तो चेहरा बोटांना पाठ होता. नमो मारिया लुसिन म्हणायची, ओरखडा कात्रीनबाय ओढायची.

"डावीकडे जरा. अगं डावीकडे! माझी डावी, तुझी नाही."

"गप बस, हनुवटी हलते."

"हनुवटी बारीक कर."

"देवाने केली नाही, मी कशी करू?"

तिथे कात्रीनबायला हसू फुटलं, हात निसटला आणि सुई लुसिनच्या ओठाच्या कोपऱ्यातून वर ओढली गेली. रस्त्यावरची माणसं उभी राहिली. सगळं गाव कान देऊन होतं. पण टच् झालं नाही. लुसिनने चिंचोका उजेडाकडे धरला. सुई निसटली होती तिथे ओठ वर वळला होता. चिंचोक्यातली लुसिन हसत होती. गोठ्यातल्या सगळ्या माणसांत ती एकटीच हसते. बाकी सगळे फोटो काढायला बसल्यासारखे गंभीर आहेत.

नाताळच्या सकाळी फादर बेंतोंनी स्वतः लुसिनला बाळ येशूच्या उशाशी ठेवलं. मिस्सेत सगळं गाव उठलं, पण वेदीकडे कुणीच गेलं नाही. सगळे वाटेतून बाजूला सरले. इनास मुकादमसुद्धा, मिशी खाली करून. मागच्या बाकावरून कात्रीनबाय उठली आणि लुसिनचा हात धरून सगळ्यांच्या आधी पुढे गेली. सोळा वर्षांनी. फादरांनी तिच्या जिभेवर ख्रिस्तशरीर ठेवलं, आणि शेजारी उभ्या लुसिनने ऐकलं, ते पुटपुटले, "आता ही जीभ जरा सांभाळ, बाय."

"बघते," कात्रीनबाय म्हणाली. बघितलं म्हणे तिने, तीनेक आठवडे.

मग पुढे काय झालं ऐका. फुटलेला चिंचोका रुजत नाही. हे कुणी शिकवायला नको, शेंबडं पोरही सांगेल. पण कुंपणाकडे भिरकावलेले सोळा वर्षांचे तुकडे पुढच्या पावसाळ्यात रुजले. कुंपणाच्या रेषेत चिंचेची रोपं उभी राहिली, ओळीने. बांबू कुजून पडला, रोपं वाढली, मुळं इकडून तिकडे गेली, आणि हद्द कुठे होती ते दोघींच्या वारसांनाही सांगता येईना. ती झाडं आजही आहेत. सात आहेत. दोन्ही बाजूंनी फळतात.

कात्रीनबाय म्हातारी होऊन गेली. ती गेल्यावर गावाच्या लक्षात आलं की चिंचोक्यातल्या गावात सगळे आहेत, फक्त तीच नाही. तिला एकदा लुसिनने विचारलं होतं, तर म्हणाली होती, "माझं माझ्याशी कधी भांडण झालं नाही. मग मला कोण कोरणार?" लुसिनला कोरता येत नव्हतं. तिने एक अख्खा चिंचोका घेतला, तेल लावून चकचकीत पुसला, आणि गोठ्यात हसणाऱ्या लुसिनला खेटून ठेवला. न कोरलेला. तीच कात्रीनबाय. लांबून येणारे पाहुणे विचारतात, हा चिंचोका कोरायचा राहिला का? गावची पोरं चिडून सांगतात, "राहिला नाही. ती तशीच होती."

फादर बेंतोंचं भिंगही अजून त्याच दोरीला आहे. दोरी मात्र सतरांदा बदलली.

आणि दरवर्षी संत लुसियाच्या सणाला नांदखारात चिंचोका मागायचा रिवाज आहे. ज्याचं ज्याच्याशी बोलणं बंद, त्याने त्याच्या दारात जायचं आणि म्हणायचं, "एक चिंचोका पाहिजे." बस्, तेवढंच. माफ कर वगैरे म्हणायची गरज नाही. दारातल्या माणसाने पाहिजे तेवढं बोलून घ्यावं, शिव्या द्याव्यात, जुनं उकरावं, मागणाऱ्याने खाली मान घालून ऐकावं. पण चिंचोका नाही म्हणायचा नाही. म्हणून गावात ज्यांच्या घरी चिंच खातसुद्धा नाहीत, तेही डबाभर चिंचोके ठेवून असतात. कोण कधी येईल सांगता येत नाही. मागून आणलेल्या चिंचोक्यावर पोरंटोरं सुईने डोळे-नाक काढतात. बरीचशी बटाट्यासारखी दिसतात. तरी सगळी गोठ्यात जातात, मागच्या बाजूला, आणि प्रत्येक ओरखड्याला एक नमो मारिया लागते, त्यात सूट नाही.

भांडणं नांदखारात आजही होतात. होणारच, माणसं आहेत. पण दोन बायका कंबर कसून रस्त्यात उभ्या राहिल्या, पदर खोचले, आवाज चढले, की तिसरी मध्ये पडत नाही. ती आपली पाटी डोक्यावर घेऊन जाता जाता एवढंच म्हणते, "वर बघ गं जरा, फांदी कुणाची फळलीय ते."

आणि दोघी वर बघतात. तिथे झाड नसलं तरी.